अकरा ठिपके

माणसाला कशाचा गर्व असेल याचा काही नेम नाही. सेलूच्या मधुकररावांना तो आपल्या दहा बोटांचा होता. चौतीस वर्षं त्यांनी मराठी टायपिंगचा क्लास चालवला. वर्धा जिल्ह्यातले निम्मे कारकून आपल्या हाताखालून गेले असं ते सांगत. निम्मे म्हणजे जरा जास्तच झाले, पण बरेच गेले होते हे खरं. क्लासात कायदा एकच होता : नजर कागदावर ठेवायची, आणि जो कळांकडे बघेल त्याच्या बोटांवर पट्टी. स्वतः मास्तरांनी तर सत्याहत्तर सालापासून कळांकडे पाहिलंच नव्हतं.

अशा मास्तरांना त्यांच्याच लॅपटॉपनं दाराबाहेर उभं केलं, त्याची ही गोष्ट.

दिवाळी नुकतीच आटोपली होती. सकाळचा चहा घेऊन मास्तर लॅपटॉपसमोर बसले. त्यावर लिनक्स होतं, सहा वर्षांपूर्वी 'पेंग्विन कट्टा' नावाच्या मराठी फोरमवर विचारत विचारत त्यांनी स्वतः टाकलेलं. टाकताना त्या सॉफ्टवेअरनं विचारलं होतं, सगळी डिस्क कुलूपबंद करायची का? मास्तरांनी जन्मभर कोर्टाचे गोपनीय कागद टाइप केलेले. त्यांनी 'हो' म्हटलं. त्या दिवसापासून मशीन सुरू होताना आधी पासवर्ड मागायचं, आणि तो दिल्याशिवाय आतलं अक्षरही कुणाला दिसायचं नाही.

पण मास्तर मशीन बंद करतच नसत. झाकण लावायचं, ते झोपतं. उघडायचं, ते जागं होतं. अपडेट आलं की 'रीस्टार्ट करा' अशी पाटी यायची, ती ते 'नंतर'वर ढकलायचे. कट्ट्यावर कुणीतरी सगळ्यांनाच दटावलं, अपडेटनंतर रीस्टार्ट न करणं म्हणजे आंघोळ करून जुनेच कपडे घालणं. मास्तरांना ते मनाला लागलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मशीन पुरतं बंद करून सुरू केलं.

काळ्या पडद्यावर कुलपाचं चित्र आलं. मास्तरांनी पासवर्ड वाजवला. ठिपके उमटले. मशीन जरा घुटमळलं आणि म्हणालं, चूक. त्यांनी पुन्हा वाजवला. चूक. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा चहा निवला होता.

"काहो, काय झालं? तोंड काऊन असं करून राह्यले?" प्रमिलाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाई. मशीन बिघडलं."

काही नाही कसलं! त्या डिस्कवर भागीरथाबाईंचे शब्द होते.

भागीरथाबाई बोरच्या जंगलाकडच्या एका गावातल्या, गोंड घरच्या. बाजाराच्या दिवशी चारं, टेंभरं, मोहफुलं, जे त्या महिन्यात जंगल देईल ते घेऊन सेलूला यायच्या. तीन वर्षांपूर्वी त्या मास्तरांच्या ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, माही नात आश्रमशाळेत जाते. मराठी फाडफाड बोलते, पन आमची बोली तिले येत नाई. मी बोलतो तं हासते. तुमी लिवून ठेवा ना. मोठी झाली का वाचन." तेव्हापासून दर बाजाराला बाई तासभर बसत. एक एक शब्द सांगत, त्याचा अर्थ सांगत, आणि मास्तर टाइप करत. येर म्हणजे पाणी. पुंगार म्हणजे फूल. असं करत करत तेराशेच्या वर शब्द झाले.

त्यातले तीनशे बाईंच्या थोरल्या बहिणीचे होते. ती जंगलातच राहिलेली, तिला असे शब्द ठाऊक होते की भागीरथाबाईही तोंडाकडे बघत राहायच्या. उन्हाळ्यात ती दोनदा आली आणि झाडं, पाखरं, चालणं, ऐकणं यांचे शब्द सांगून गेली. पोळ्याच्या आत ती वारली. म्हणजे ते तीनशे शब्द आता जगात एकाच ठिकाणी होते, आणि त्या ठिकाणाला कुलूप होतं.

कागदावर का नाही? अहो, मास्तर टायपिस्ट होते. समोरच्यानं बोलावं आणि आपण थेट टाइप करावं, मध्ये पेन आलं तर तो कसला टायपिस्ट! दुसरी प्रत काढायची राहून गेली होती, ती दिवाळीनंतर काढणार होते.

प्रमिलाबाईंचा फोन घेऊन मास्तरांनी कट्ट्यावर अर्ज लिहिला. अर्जच तो :

"विषय : पासवर्ड बरोबर असूनही यंत्र आत घेत नसल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आज सकाळी रीस्टार्टनंतर माझे यंत्र माझा पासवर्ड नाकारीत आहे. डिस्क कुलूपबंद आहे. आत अत्यंत मोलाचा मजकूर आहे. दोष यंत्रातच असावा, कारण माझी बोटे चुकत नाहीत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती."

कट्ट्यावरची माणसं भली, पण भली माणसं सल्ले फार देतात. एकानं विचारलं, कॅप्स लॉक चालू आहे का? मास्तरांना हे म्हणजे सुगरणीला 'मीठ टाकलं का' विचारल्यासारखं झालं. एकजण म्हणाला, बॅटरी काढून ठेवा. एकानं सरळ सांगितलं, फॉरमॅट मारा आणि नव्यानं सुरू करा. तो शब्द वाचून मास्तरांनी फोन पालथा घातला आणि अर्धा तास ओट्यावर जाऊन बसले.

परत आले तेव्हा पुलगावच्या रुचिकाचा निरोप होता. ही रुचिका पुलगावला शिलाई मशीन आणि पंखे दुरुस्त करायचं दुकान चालवायची, आणि फावल्या वेळात कट्ट्यावर लोकांचे कॉम्प्युटर. तिनं लिहिलं होतं :

"सर, फॉरमॅटचं नाव काढू नका. पासवर्ड मला किंवा कोणालाच सांगू नका. शिलाई मशीन टाका सोडून राह्यली तर मी पहिले सुई पाहते, मंग धागा, मंग बसणाऱ्याचा हात. तसंच करू. आधी सांगा, चौकटीत ठिपके किती येतात?"

हा प्रश्न मास्तरांना आवडला. पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी मोजायला सांगितलं होतं. त्यांनी पासवर्ड वाजवला आणि चष्मा वर करून ठिपके मोजले. अकरा. पुन्हा वाजवला. अकराच.

"आधी किती येत होते?"

आधी कोण मोजायला बसलं होतं!

सुई म्हणजे कळा. एखादी कळ दबत नसेल तर? धागा म्हणजे डिस्क. तीच खराब झाली असेल तर? दोन्ही तपासायला रुचिकानं एक पेन ड्राइव्ह तयार केला. त्यातूनच लिनक्स सुरू होतं, आतल्या डिस्कला हात न लावता. पुलगावहून सेलूच्या शाळेत येणाऱ्या एका बाईंच्या हाती तिनं तो पाठवला, आणि बुधवारी दुपारी मास्तर पेन ड्राइव्ह लावून बसले. रुचिका फोनवरून एकेक पायरी सांगत गेली. मास्तरांनी कोरं पान उघडून सगळ्या कळा वाजवल्या. सगळ्या धडधाकट. मग डिस्कची तपासणी चालवली, पडद्यावर ओळी धावल्या, आणि त्यात एकही तक्रार नव्हती. कुलूपही जागच्या जागी होतं.

खरं सांगायचं तर मास्तरांना त्या दोन तासांत मजा वाटली. भीती होतीच, पण तिच्या बाजूला कुतूहलही येऊन बसलं होतं. कळा ठीक, डिस्क ठीक, कुलूप ठीक, किल्ली तीच. मग दार का उघडत नाही? त्यांनी जेवताना प्रमिलाबाईंना सगळं समजावून सांगितलं.

"मंग राह्यलं काय?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"काय राह्यलं?"

"त्या पोरीनं तीन सांगतले ना? सुई, धागा, अन् हात."

मास्तरांनी भात कालवला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. भागीरथाबाई आल्या, टोपली उतरवून ओट्यावर बसल्या आणि पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "काढा मास्तर तुमची पेटी. आज मले चार शब्द आठवले."

"आज लाइन नाई, बाई," मास्तर म्हणाले.

आत पंखा फिरत होता. भागीरथाबाईंनी पंख्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, आणि मोहाची ओंजळभर वाळलेली फुलं प्रमिलाबाईंच्या सुपात ओतून निघून गेल्या. मास्तरांना स्वतःची इतकी लाज वाटली की दुपारी ते जेवले नाहीत.

संध्याकाळी रुचिकाचा निरोप आला.

"सर, एक विचारते, राग मानू नका. हो किंवा नाही एवढंच सांगा. पासवर्ड मराठी शब्द आहे का, म्हणजे टाइपरायटरच्या सवयीनं मारलेला?"

"हो," मास्तरांनी लिहिलं. सहा वर्षांपूर्वी त्यांनी तसंच केलं होतं. कुलपाच्या पानावर मराठी येत नाही, तिथे इंग्रजी अक्षरंच पडतात. पण मास्तरांना काय त्याचं? त्यांनी मनात एक मराठी शब्द धरला आणि बोटांना सोडून दिलं. टाइपरायटरवर तो शब्द ज्या कळांवर असतो त्याच कळा बोटांनी दाबल्या, इंग्रजीत काय गबाळ पडलं ते त्यांनी पाहिलंही नाही. असा पासवर्ड कुणाच्या बापाला ओळखता आला नसता.

"मग हे वाचा," रुचिकानं लिहिलं आणि कट्ट्यावरचीच दोन जुनी पत्रं पाठवली. दोन्ही मास्तरांची.

पहिलं मार्चमधलं : "विषय : रेमिंग्टन टाइपरायटरवर घडलेल्या बोटांना इन्स्क्रिप्ट शिकविता येईल काय." भागीरथाबाईंच्या नातीच्या फोनवर मास्तरांची जुन्या फाँटातली पानं उघडेनात, नुसती इंग्रजी अक्षरं दिसायची. तेव्हा कट्ट्यानं सांगितलं होतं, सगळीकडे चालणारी मराठी लिहा आणि त्यासाठी इन्स्क्रिप्ट कळपाट, म्हणजे कळांची दुसरी मांडणी, शिका. दुसरं पत्र जुलैमधलं, एका ओळीचं : "कळविण्यास आनंद होतो की, बोटे आता विचार न करता चालतात."

मास्तरांनी दोन्ही पत्रं दोनदा वाचली.

रुचिकानं पुढे लिहिलं होतं, "सर, डोळे मिटा. मांडीवर तुमचा शब्द वाजवा. त्यात पहिली वेलांटी असेल तर ती आधी येते का नंतर, तेवढं पाहा."

इथे जरा सांगायला हवं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारतात. डोळ्याला आधी दिसते, म्हणून हातही आधी तिथेच जातो. इन्स्क्रिप्टवर उलट, आधी अक्षर आणि मग वेलांटी, जसं तोंड बोलतं तसं. जोडाक्षराचंही तेच : टाइपरायटरवर अर्ध्या अक्षराची स्वतःची कळ असते, इन्स्क्रिप्टवर अक्षराचा पाय मोडायला वेगळी कळ दाबावी लागते, म्हणून ठिपके वाढतात. मास्तरांच्या शब्दात एक पहिली वेलांटी होती आणि दोन जोडाक्षरं. शब्द कोणता, ते मला ठाऊक नाही.

मास्तरांनी डोळे मिटले, मांडीवर शब्द वाजवला आणि दचकून डोळे उघडले. वेलांटी नंतर आली होती.

पुन्हा वाजवला. नंतरच.

"प्रमिला," ते म्हणाले, "माह्या बोटांनी मले सांगतलंच नाई."

आठ महिने रोज नवा कळपाट वाजवून वाजवून बोटांनी जुना सोडून दिला होता. चौतीस वर्षं ज्यांच्या जिवावर मिशीला पीळ दिला ती बोटं चुकत नव्हती, तर दुसरीकडेच राहायला गेली होती. मास्तरांना धक्का बसला. आणि खोटं कशाला बोला, त्याच्या खाली कुठेतरी थोडा आनंदही झाला. अडुसष्टाव्या वर्षी बोटं शिकली तर!

आता कळलं म्हणजे सुटलं असं तुम्हाला वाटेल. मास्तरांनाही वाटलं. पण जुना शब्द जुन्या तऱ्हेनं मारायला गेले की बोटं अडखळायची. विचार केला की अर्धी इकडची, अर्धी तिकडची कळ. रुचिकानं इंटरनेटवरून टाइपरायटरच्या कळांचा तक्ता पाठवला, तो हिंदीचा निघाला. मराठी यंत्रावर काही कळा वेगळ्या. क्लासातल्या भिंतीवर तक्ता होता, पण तो विद्यार्थ्यांसाठी, आणि क्लासाबरोबर तोही गेला. मास्तरांनी तो कधी वाचला नव्हता. ज्याला कळांकडे बघण्याची लाज वाटायची, त्याला कुठली कळ कुठे हे तोंडानं सांगता येईना.

"खरं यंत्र कुठं सापडलं तर बोटांना आठवेल," रुचिकानं लिहिलं. "शिलाईवाल्या बाया नव्या मशीनवर चुकतात, जुनीवर बसवलं का पाय आपोआप चालतो."

यंत्र होतं. क्लास बंद झाला तेव्हा मास्तरांचं एक मराठी यंत्र प्रभाकररावांनी नेलं होतं. हे तहसीलसमोर अर्ज लिहून द्यायचे. आता तेही कॉम्प्युटरवरच काम करत, पण लाइन गेली तर असावं म्हणून यंत्र टेबलाखाली टिनाच्या झाकणाखाली ठेवलेलं. शुक्रवारी सकाळी अकराला मास्तर तिथे हजर झाले.

"मास्तर! तुमी अन् इथं? कायचा अर्ज लिवाचा हाय?"

"अर्ज नाई. एक शब्द वाजवाचा हाय. तुमी जरा तिकडं पाहा."

प्रभाकररावांनी यंत्र वर काढलं, धूळ फुंकली आणि शहाण्या माणसासारखं तहसीलच्या फाटकाकडे तोंड केलं. मास्तरांनी कागद चढवला आणि रिबनची खुंटी स्टेन्सिलवर सरकवली, म्हणजे टाइप कागदावर आपटतो पण शाई उठत नाही. मग पाठ ताठ केली, डोळे मिटले, बोटं मधल्या ओळीवर ठेवली. लोखंडी कळा थंड आणि खोल होत्या. बोटं स्वतःहूनच वाकली.

त्यांनी शब्द वाजवला. फटाफट, विचार न करता. टाइपाच्या आवाजावरूनच त्यांना कळलं की वेलांटी आधी आली.

आता कळा टिपायच्या होत्या, आणि हळू वाजवलं की बोटं विचार करायची. मास्तरांनी तोडगा काढला. वेगात सुरू करायचं आणि पहिल्याच ठोक्याला थांबायचं : बोट कुठे आहे? डोळे उघडून पाहायचं. मग पुन्हा मुळापासून वेगात, दुसऱ्या ठोक्याला थांबायचं, पाहायचं. सत्याहत्तर सालानंतर पहिल्यांदा मास्तर कळांकडे बघत होते. आपली बोटं त्यांना जरा म्हातारी दिसली. 'डावा हात, तिसरं बोट, वरची ओळ,' असं ते चिठ्ठीवर लिहीत गेले. मुळापासून नऊ वेळा. शब्द नऊ ठोक्यांत संपला.

नऊ. अकरा नव्हे.

"झाला का अर्ज?" प्रभाकररावांनी फाटकाकडे बघतच विचारलं.

"झाला. उत्तर येते का पाह्यतो."

घरी येऊन मास्तरांनी चिठ्ठी लॅपटॉपशेजारी ठेवली. प्रमिलाबाई मागे उभ्या राहिल्या, हातात पोळीचं पीठ तसंच. मास्तरांनी एका बोटानं, कळांकडे बघत, क्लासातल्या सगळ्यात ढ पोरासारखं एकेक अक्षर दाबलं. नऊ ठिपके. एंटर.

मशीन जरा घुटमळलं. मग कुलपाचं चित्र गेलं आणि पडदा निळा झाला.

प्रमिलाबाईंनी पिठाच्या हातानंच त्यांच्या पाठीवर थाप मारली. मास्तरांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि आधी शब्दांची फाइल उघडून शेवटपर्यंत उतरून पाहिली. मग रुचिकाच्या सांगण्यावरून तिच्या तीन प्रती काढल्या, नवा पासवर्ड ठेवला, आणि तो नेमका कुठल्या कळांनी मारला ते एका लखोट्यात लिहून प्रमिलाबाईंच्या देवघरात ठेवला. कट्ट्यावर त्यांनी लिहिलं, "विषय : दोषनिवारण झाल्याबाबत. यंत्र निर्दोष होते. चूक माझ्या बोटांची, ती माझ्या नकळत शिकली. श्रीमती रुचिका यांचा शतशः आभारी आहे." खाली पंचवीस जणांनी हात जोडले. रुचिकानं लिहिलं, "सर, हात पाहिल्याशिवाय मशीन उघडायची नाही, हे मी बापाकडून शिकली."

पुढच्या बाजाराला भागीरथाबाई आल्या. मास्तरांनी त्यांना बसू दिलं, पाणी दिलं आणि मग सगळं सांगून टाकलं. लाइन होती, आपण खोटं बोललो, शब्द हातचे जाणार होते, सगळं.

बाईंनी पाणी पिऊन गडवा खाली ठेवला. "थोरलीचे पन?"

"थोरलीचे पन. पन आता आहेत. सगळे आहेत."

"वाचा मंग."

मास्तरांनी थोरलीचे शब्द काढले आणि वाचायला लागले. आधी गोंडी शब्द, मग मराठी अर्थ. बाई मान हलवत होत्या, मध्येच मास्तरांचा उच्चार सुधारत होत्या, एका पाखराच्या नावाला हसल्या. चाळीस-पन्नास शब्द झाले असतील. मास्तरांनी पुढचा शब्द वाचला आणि बाईंची मान हलली नाही.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पुन्हा सांगितला.

"हा मले माहीत नाई. हा ती कवा बोलली?"

"तुमी त्या दिवशी बाजारात टोपली आनाले गेलत्या, तवा."

"काय म्हनते त्याले?"

मास्तरांनी पडद्यावरचा अर्थ वाचला, थोरलीनं सांगितला होता तसाच : जंगलात माणूस पुढे गेलेला असतो, दिसत नाही, पण वाकलेल्या गवतावरून कळतं की तो आत्ताच इथून गेला, ते वाकलेलं गवत.

भागीरथाबाईंनी तो शब्द हळूच म्हणून पाहिला. पहिल्यांदा चुकला. मास्तरांनी दुरुस्त केला. दुसऱ्यांदा बरोबर आला, आणि बाईंनी तो आणखी चार वेळा म्हटला.